वत्सलाबाईंचा एकच प्रश्न

वत्सलाबाईंसमोर साधी गोष्ट बोलायची चोरी होती. सकाळी कचेरीत आल्या आल्या मी सहज म्हणावं, की बाजारात वांगी महागली, तर त्या हातातलं काम बाजूला ठेवून विचारत, "कोनं सांगतलं?" बायकोनं, असं म्हटलं तर तिला कोणी? शेजारणीनं. आणि शेजारणीला? माझी वांगी अशी मागे मागे सरकत कुठल्या तरी वाडीतल्या विहिरीवर जाऊन पोचत आणि तोवर समोरचा चहा गार झालेला असे. एरवी त्या शुद्ध पुस्तकी मराठी बोलत, पण हा प्रश्न मात्र कायम इकडच्या बोलीत. त्याचा मला एवढा धसका बसला होता, की नंतर नंतर मी कचेरीत फक्त स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलंच बोलू लागलो. त्यामुळे माझं बोलणं बरंच कमी झालं आणि घरी त्याचं स्वागतच झालं.

गंमत म्हणजे, ऐकलेलं खरं आहे का, हे त्या कधीच विचारत नसत. खरं-खोटं नंतर बघू, आधी ते चालत आलं कसं ते सांगा, असं त्यांचं म्हणणं.

ही एकोणीसशे पन्नास ते साठच्या दरम्यानची गोष्ट. जिल्हा चांदा, आणि गडचिरोली हा त्यातला एक तालुका. आमची ब्लॉकची कचेरी आरमोरीच्या बाजाराला पायी जाता येईल अशा एका गावात होती. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण तिथल्या माणसांकडे माझं अजून जाणं-येणं आहे आणि मला ते टिकवायचं आहे. मी तिथे आवक-जावक सांभाळणारा कारकून. वत्सलाबाई आल्या समाजशिक्षण संघटिका म्हणून. या लांबलचक पदाचा अर्थ कोणालाच नीट ठाऊक नव्हता. कचेरीला लागून एक खोली होती, तिला माहिती केंद्र म्हणत, आणि त्या खोलीची किल्ली बाईंकडे असे. गावात लोक कचेरीला कचेरी म्हणत आणि त्या खोलीला 'बाईची खोली'.

उंच, सडसडीत, रंगानं काळ्यासावळ्या. टायरचा तळ लावलेल्या वहाणा आणि बाराही महिने काखेत छत्री. ती छत्री उघडलेली मी एकदाच पाहिली. तिचा उपयोग मुख्यतः बोलताना जमिनीवर टोकानं ठोकण्यासाठी होत असे. हसणं मात्र भलतंच मोठं. सरकारी कचेरीत लोक गालातल्या गालात हसतात. बाई हसल्या की पलीकडच्या खोलीत साहेबांचं टेबल हलायचं.

त्यांचे वडील नागभीडच्या स्टेशनवर रूळ बदलणारे सांधेवाले होते. त्या छोट्या गाडीच्या स्टेशनात भिंतीवर मोठ्या अक्षरांत वेळापत्रक रंगवलेलं, खिडकीत टोपी घातलेला मास्तर बसलेला, तरी येणारा प्रत्येक उतारू गाडीची चौकशी करायचा ती बाहेर फुटाणे विकणाऱ्या म्हातारीकडे. लहानग्या वत्सलेला याचं फार नवल वाटे. एकदा तिनं म्हातारीलाच विचारलं, की सगळे तुलाच का विचारतात. म्हातारी म्हणाली, "मास्तर सांगते न् खिडकी लावते. माहं बसनं इथीच, गाडी येतपर्यंत." हा किस्सा बाईंनी मला इतक्या वेळा ऐकवला, की त्या म्हातारीचे फुटाणे मी स्वतः खाल्ल्यासारखे वाटू लागले. पुढे त्या शिकल्या, नागपूरला राहिल्या, पुस्तकं वाचली, पण माणसं माहिती कशी शोधतात या विषयातली त्यांची खरी गुरू ती फुटाणेवालीच. असं त्या स्वतःच म्हणत.

खोलीचा ताबा घेतल्यावर बाईंनी पहिली गोष्ट केली ती पुस्तकांची उलथापालथ. आधीच्या माणसानं पुस्तकं उंचीप्रमाणे लावली होती, त्यामुळे कपाट मोठं देखणं दिसे. बाईंनी ती सगळी खाली काढली आणि माणसं काय विचारत येतात त्याप्रमाणे लावली. एका फळीवर चिठ्ठी लागली 'ताप आणि पोटदुखी'. दुसरीवर 'धानाचं काय करावं'. तिसरीवर 'कचेरीत जायचं आहे', आणि त्या फळीवर अर्ज कसा लिहावा इथपासून तहसीलदारासमोर कसं बोलावं इथपर्यंत सगळं होतं. एका फळीवर 'मन लागत नाही' असं लिहिलं होतं, आणि गोष्टी-कादंबऱ्यांची ती फळी सर्वांत आधी रिकामी होई. सगळ्यांत खालच्या फळीवर सरकारकडून गठ्ठ्यांनी येणारी प्रकाशनं, योजनांचे अहवाल, पुढाऱ्यांची भाषणं नीट रचून ठेवली होती. तिथली चिठ्ठी होती, 'आजवर कोणी न विचारलेलं'.

साहेबांनी ती चिठ्ठी वाचली तेव्हा मी दारातच उभा होतो.

आमचे साहेब वाईट नव्हते. कष्टाळू होते, इमानदार होते, फक्त कागदावर त्यांचा फार जीव. एक पत्रक काढलं, की ती गोष्ट जगात घडून गेली अशी त्यांची समजूत. आणि ते भाषणांचे गठ्ठे त्यांनी स्वतः मागवलेले. त्यांचे कान लाल झाले. त्या दिवसापासून खोली त्यांच्या डोळ्यांत खुपू लागली. खताच्या पोत्यांना जागा पुरत नाही, असं ते येता-जाता म्हणू लागले आणि म्हणताना त्यांची नजर त्या दाराकडे जायची.

आता थोडं मागे जायला हवं. बाई येण्याच्या आधीच्या उन्हाळ्यात आमच्याकडे ढोरांचे डॉक्टर येऊन गेले होते. आमच्या भागात पावसाळा लागला की ढोरांना घटसर्प होई. गळा सुजायचा, श्वास घरघरायचा आणि धडधाकट बैल पाहता पाहता आडवा व्हायचा. त्यावर लस आली होती. साहेबांनी गावोगाव रंगीत भित्तिपत्रकं लावली. त्यावर वर एका दिमाखदार बैलाचं चित्र आणि खाली लसीबद्दल बारीक अक्षरांत मजकूर. आमच्या गावचं पत्रक पाटलांच्या भिंतीवर लागलं, कारण गावात तेवढी एकच भिंत चुन्यानं रंगवलेली होती. वाचता येणारे थोडे, आणि पाटलाच्या दारात उभं राहून भिंत वाचायची हिंमत असलेले त्याहून थोडे. लोकांनी दुरूनच बैल पाहिला आणि अर्थ लावला, की पाटील आपला बैल विकतोय. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावांतून माणसं भाव करायला हजर. पाटील असे भडकले, की त्यांनी ते पत्रक खरवडून काढलं.

ठरल्या दिवशी डॉक्टर तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चिंचेखाली दिवसभर बसले, डबा खाल्ला, आणि गेले. पावसाळ्यात व्हायचं तेच झालं. जोडीतला एक बैल गेला, की दुसरा नुसता खायला उरतो. कितीतरी बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांत, चिखलणी थांबली, रोवणी लांबली, आणि धानानं त्या साली हात आखडता घेतला. साहेबांना मनापासून वाईट वाटलं. लोक अडाणी आहेत, असं ते म्हणाले आणि पुढच्या वर्षी मोठ्या आकाराची पत्रकं छापायचं त्यांनी ठरवलं.

बाईंनी ही हकिकत माझ्याकडून ऐकली आणि त्यांचे डोळे चमकले. त्यांनी लसीचं काही विचारलं नाही. त्या म्हणाल्या, लसीची बातमी भिंतीवरून खाली उतरली नाही, आणि पाटलाच्या बैलाची खोटी बातमी एका दिवसात शेजारच्या गावांत जाऊन गिऱ्हाइकं घेऊन आली. मग आपण दुसऱ्या बातमीच्या मागे जायला नको का?

आणि त्या गेल्या. सगळा हिवाळा त्या छत्री घेऊन गावोगाव फिरल्या. घरोघरी ओसरीवर बसून एकच चौकशी करत, की गेल्या उन्हाळ्यात पाटलाचा बैल विकायला निघाला होता, ते तुम्हाला कोनं सांगतलं? लोकांना आधी वाटलं, पाटलानं अब्रूचा दावा लावलाय. मग त्यांना यात गोडी वाटू लागली. आठवायला बायका एकमेकींना मदत करू लागल्या, भांडूही लागल्या. परत आल्यावर बाई खोलीच्या सारवलेल्या जमिनीवर रांगोळीनं ते काढत. घर म्हणजे एक गोल, आणि कोणी कोणाला सांगितलं त्याची रेघ. काही दिवसांत सगळी खोली भरली. आमचा चपराशी तिथे पाय ठेवायला घाबरू लागला, आणि मी भिंतीला पाठ घासत आत जायला शिकलो.

एके दिवशी दुपारी त्यांनी मला बोलावलं. म्हणाल्या, बघा. मला काही दिसेना. मग त्यांनी छत्रीचं टोक फिरवून दाखवलं. चावडीच्या गोलाकडे एकही रेघ नव्हती. देवळाकडे दोन-चार. पाटलाकडून तर काहीच निघत नव्हतं. सगळ्या रेघा जात होत्या त्या घरांच्या मागच्या अंगाला, सांदवाडीकडे. आमच्याकडे परसाला सांदवाडी म्हणतात. तिथे बायका भांडी घासतात, मिरच्या वाळवतात आणि मनातलं बोलतात. आणि एका गावच्या सांदवाडीपासून दुसऱ्या गावच्या सांदवाडीपर्यंत जाणारी रेघ प्रत्येक वेळी एकाच जातीच्या पायांनी चालली होती. मासोळी विकणाऱ्या ढिवरणींच्या.

बाईंना तेव्हा झालेला आनंद मी विसरू शकत नाही. त्या मला समजावून सांगत होत्या, की टपाल दोन दिवस पडून राहिलं तरी त्याला वास येत नाही. मासोळी थांबू शकत नाही. पहाटे तलावातून निघाली, की उन्हं चढायच्या आत तिला दारोदार पोचावंच लागतं, आणि तिच्याबरोबर बातमीही पोचते. आपल्या मुलखात सगळ्यांत वेगानं चालणारी वस्तू म्हणजे मरळ आणि झिंगे, आणि आपण सगळं पाठवतो ते टपालानं! असं म्हणून त्या हसल्या. साहेबांचं टेबल हललं असावं, कारण साहेब उठून आले.

साहेबांनी दारातून रांगोळी पाहिली, कपाट पाहिलं, खालच्या फळीवरची चिठ्ठी पुन्हा पाहिली. मग शांतपणे सांगितलं, की इथे कोणी वाचायला येत नाही, पावसाळ्याआधी खोली रिकामी करून द्यावी, खत येणार आहे. बाईंनी आवाज चढवला नाही. त्या म्हणाल्या, "डॉक्टर या उन्हाळ्यात परत येणार आहेत. त्यांनी कळवलंय, की यंदाही पाळ रिकामी दिसली तर आपली गावं सोडून ते दुसरीकडे जातील. लोकांना बोलवायचं काम माझ्यावर सोपवा. पाळ भरली तर खोली राहू द्या. नाही भरली, तर किल्ली मी स्वतः आणून देते." साहेबांना हे लगेच पटलं, कारण पाळ भरणार नाही याची त्यांना खात्रीच होती. माझी अडचण वेगळी होती. बाईंची खोली जावी असं मला वाटत नव्हतं आणि आणखी एका पावसाळ्यात गळे सुजलेले बैल बघायची माझ्यात हिंमत नव्हती.

ढिवरणींमध्ये शब्द चाले तो भागरताबाईचा. वयानं पन्नाशीची, आवाज असा की तलावाच्या या काठावरून बोलली की त्या काठावरचा माणूस उत्तर देई. डोक्यावरच्या टोपलीला ती कधी हात लावत नसे. दोन्ही हात बोलण्यासाठी मोकळे लागत. बाई मला सोबत घेऊन तिच्याकडे गेल्या आणि सगळं सांगितलं. भागरताबाईनं जाळं विणता विणता ऐकून घेतलं आणि साफ नाही म्हटलं.

"तुमचा कागद भितीले चिकटते, बाई. खोटं निंघालं त् भितीले कोन बोलते? माही टोपली उद्या त्याच दारात जाते. टोचलेला एक बैल मेला, त् मले सांदवाडीत कोन येऊ देईन?"

मी घाईघाईनं सरकारची बाजू मांडू लागलो. बाईंनी मला छत्रीनं गप्प केलं. त्यांच्या चेहऱ्यावर निराशा नव्हती, उलट त्या खुलल्या होत्या. नंतर म्हणाल्या, की तिच्या नकारातच आपल्याला हवं ते सगळं आहे. काल शिळी मासोळी दिली तर आज त्या दारात उभं राहता येत नाही, म्हणूनच तर लोक तिचं ऐकतात. त्यांना नागभीडची म्हातारी आठवली असणार हे मी ओळखलं.

भागरताबाईसमोर मात्र त्यांनी एवढंच विचारलं, की मग तुम्हाला कोणी सांगितलं म्हणजे पटेल? भागरताबाई म्हणाली, कोणीच नाही. स्वतःच्या डोळ्यांनी पाहीन तेव्हा. मग थोडा विचार करून तिनं अट घातली, "साहेबाच्या गाईले टोचा. मी रोज येऊन पाहीन, दूध देते का आटते."

ही अट साहेबांपर्यंत न्यायची कोणी, यावर कचेरीत बराच वेळ कोणी कोणाकडे बघेना. शेवटी बाईच गेल्या. साहेबांची मोठी पंचाईत झाली. लस निर्धोक आहे असं त्यांनी इतक्या पत्रकांवर सही करून सांगितलं होतं, की आता स्वतःच्या गाईला नको म्हणायची सोय उरली नव्हती. साहेबांच्या घरच्या, आमच्या वहिनी, मात्र रागावल्या. गाय दुभती, घरात लहान मूल. दूध आटलं तर चहा कचेरीतच प्यायचा, असं त्यांनी साहेबांना बजावलं. डॉक्टरांना आधी एकदा बोलावून घेतलं. गाय टोचली गेली. तिनं डॉक्टरांची पेटी लाथेनं उलटी केली आणि भागरताबाई दारात टोपली घेऊन हे सगळं बघत उभी राहिली.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज धारेच्या वेळेला साहेबांच्या मागच्या दारी हजर. चरवीत वाकून दूध बघायची आणि पुढच्या गावाला निघायची. वहिनींना आधी याचा वैताग आला. मग त्या तिची वाट पाहू लागल्या. पुढे तर दोघी चरवी मध्ये ठेवून इतक्या बोलत बसत, की दूध बघायचं राहूनच जाई. साहेबांच्या गाईचं दूध हा सगळ्या पंचक्रोशीचा विषय झाला. जंगलातून मोहफुलं घेऊन येणारे लोकसुद्धा बाजारात पाठीवरचं ओझं उतरवण्याआधी त्याची चौकशी करत.

आणि अशातच एका सकाळी चरवी अर्धीच भरली.

दुपारपर्यंत बातमी सगळीकडे पोचली, की साहेबाची गाय आटली. पलीकडच्या गावचा माणूस येऊन मला सांगून गेला, की गाय मेली. साहेब पांढरेफटक पडले. मी मनातल्या मनात खताची पोती खोलीत रचून टाकली. बाई तेवढ्या शांत होत्या. त्यांनी त्या माणसाला विचारलं, "कोनं सांगतलं?" आणि त्याच्या उत्तरापासून मागे मागे चालत त्या थेट साहेबांच्या गोठ्यात येऊन पोचल्या. तिथे वासरू होतं. त्याच्या गळ्यातल्या दाव्याची गाठ सुटलेली होती आणि तोंडाला फेस लागलेला होता. पहाटे सुटून त्यानं आपल्या आईचं निम्मं दूध पिऊन टाकलं होतं. बाईंनी वासराला हात लावला नाही, दावं बांधलं नाही. भागरताबाईला बोलावणं पाठवलं आणि तिला गोठ्यात उभं केलं. भागरताबाईनं वासराचं तोंड पाहिलं, दावं पाहिलं, आणि ती पदरात तोंड लपवून हसली.

"आता सांगतो मी," ती म्हणाली. बस, एवढंच.

निरोप काय द्यायचा याचा मजकूर बाईंनी आधी बराच तयार केला होता. रोग कसा होतो, लस कशी काम करते, सगळं. भागरताबाईनं तो ऐकला आणि टोपलीतून बिळबिळीत मासोळी काढून टाकावी तसा बहुतेक काढून टाकला. जे उरलं ते एवढंच, की साहेबाच्या गाईला टोचलं, दूध होतं तेवढंच आहे, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी ढोरं चिंचेखाली आणा. बाईंनी त्यात काना-मात्रा बदलला नाही. साहेबांनी आपली मोठ्या आकाराची पत्रकंही लावली, तो त्यांचा हक्कच होता. फक्त यंदा बैलाचं चित्र काढलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी मी पाळीवर गेलो तेव्हा डॉक्टर, त्यांची पेटी, चिंच आणि वत्सलाबाई, एवढेच होते. तलाव उन्हाळ्यानं खाली गेलेला, काठाला चिखल फुटलेला. थोड्या वेळानं साहेब आले. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं असं म्हणता येणार नाही. खताची पोती कधी येणार हे त्यांनी मला उगाच विचारलं. बाई छत्री टेकून वाटेकडे बघत होत्या. त्यांच्या पदराच्या टोकाला किल्ली बांधलेली मला दिसली. म्हणजे मनाची तयारी त्यांनी केली होती.

आधी घंटा ऐकू आल्या. मग पळसाच्या झाडांमागून धूळ वर आली. पहिली जोडी दिसली ती पाटलांची, शिंगं रंगवलेली. बैल विकायला नाही, टोचायला आणलाय, हे पाटलांनी लांबूनच मोठ्यानं सांगून टाकलं. त्यांच्या मागे ढोरंच ढोरं. पुढे बाप्ये दावी धरून आणि मागून बायका काठ्या घेऊन हाकत येत होत्या, कारण गोठ्यातून ढोर बाहेर काढायचं की नाही हे त्यांच्या सांदवाड्यांमध्येच ठरलं होतं. एका वाटेनं आले, दुसऱ्या वाटेनं आले, तलावाच्या कोरड्या पोटातून आडवे आले. पाळीवर जागा उरेना, तेव्हा लोकांनी खाली बांध्यांमध्ये ढोरं उभी केली. डॉक्टरांना डबा उघडायला फुरसत मिळाली नाही. दुपार कलायच्या आत लस संपत आली आणि नदीपल्याड ब्रह्मपुरीला माणूस पळवावा लागला. साहेबांनी कधी बाह्या सरसावल्या आणि कधी एका मारक्या बैलाची शिंगं धरून उभे राहिले, ते त्यांनाही कळलं नसेल. धोतराला शेण लागलं होतं आणि ते मोठमोठ्यानं रांग लावा म्हणून ओरडत होते. इतके आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आणि वत्सलाबाई? त्या रांगेच्या तोंडाशी उभ्या राहून प्रत्येकाला विचारत होत्या, "तुमाले कोनं सांगतलं?" भागरताबाईनं. आमच्याकडच्या ढिवरीणबाईनं. माह्या बायकोले मासोळीवालीनं. प्रत्येक उत्तरावर त्या हसत होत्या, तेच ते त्यांचं मोठं हसू, आणि जवळचे बैल कान टवकारत होते. भागरताबाई पाळीच्या टोकाला टोपली उपडी घालून तिच्यावर बसली होती आणि तंबाखू मळत सगळीकडे नजर फिरवत होती. मी कारकून माणूस, मला भरून येण्याचं काही कारण नव्हतं. पण आलं.

त्या पावसाळ्यात आमच्या गावांत गळा सुजून ढोर गेल्याचं कानावर आलं नाही. चिखलणी वेळेवर झाली. रोवणीची गाणी कचेरीत बसून ऐकू येत होती, आणि साहेबांनी खिडकी लावून घ्यायला सांगितलं नाही.

खत कुठे ठेवलं ते मला आठवत नाही, पण खोलीत ठेवलं नाही हे खरं. एके दिवशी साहेब स्वतः तिथे गेले आणि खाकरून म्हणाले, की त्यांना भाषणांचं एक पुस्तक वाचायला हवं आहे. बाईंनी अगदी गंभीरपणे ते खालच्या फळीवरून काढून दिलं. परत आलं तेव्हा ते वरच्या फळीवर लागलं, कारण आता ते कोणी तरी विचारलं होतं. त्यानंतर त्यांच्यात कधी खटका उडाला नाही.

ढिवरणी मात्र परतीच्या वाटेवर खोलीत टेकायला लागल्या. टोपल्या दाराशी, त्या आत. त्यांच्या मागोमाग बाकीच्या बायका येऊ लागल्या, बायकांना शोधत बाप्ये येऊ लागले. कोणी ताप विचारी, कोणी अर्ज. बाई पुस्तक उघडून वाचून दाखवत आणि ते ऐकलेलं दुसऱ्या दिवशी मासोळीबरोबर गावोगाव जाई. माझ्या आवकीच्या टपालाला त्या दिवसांत झिंग्यांचा वास येत असे. मी तक्रार केली, तर बाई म्हणाल्या, येऊ द्या, टपालाला तेवढाच वेग येईल.

मग एका सकाळी भागरताबाई पळसाच्या पानांत गुंडाळलेली भलीमोठी मरळ घेऊन खोलीत आली आणि डोळ्यांना पदर लावून उभी राहिली. बाईंनी विचारलं, काय झालं.

"तुमची बदली झाली न जी," ती म्हणाली. "वरोऱ्याकडं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी आवकीचं सगळं टपाल चाळलं. असा काही हुकूम नव्हता. साहेबांना विचारलं, त्यांनाही माहीत नव्हतं. उलट ते म्हणाले, वत्सलाबाईंना इथून कोण हलवतंय ते बघतो. मला वाटलं, आता बाई रडणार. पण त्यांनी तो प्रश्न विचारला, "कोनं सांगतलं?"

भागरताबाईनं डोळे पुसले. "ते मी नाई सांगत. तुमीच काढा शोधून. तुमालेच त् येते."

हुकूम नंतर आला, टपालानं, सावकाश. बाईंनी तो वाचला आणि इतक्या हसल्या, की त्यांना खाली बसावं लागलं. आपण निघणार याचं दुःख त्यांना नक्कीच होतं, पण आपल्याच बातमीनं आपल्याला गाठावं, याचा आनंद त्याहून मोठा होता. उरलेल्या दिवसांत त्यांनी शोध केला. सांदवाड्या पालथ्या घातल्या, वहिनींना विचारलं, मलाही आडून आडून विचारलं. धागा सापडला नाही. ढिवरणींनी एकजूट केली होती. खोलीची किल्ली बाईंनी जाताना भागरताबाईच्या हातून नव्या बाईंना देववली.

वैनगंगेच्या घाटावर सगळे जमलो. पूल नव्हता, डोंग्यातून पल्याड जाऊन मोटार धरावी लागे. बाईंची पेटी आधी चढवली, मग बाई छत्री घेऊन चढल्या. साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली. डोंगा काठ सोडून निघाला. आम्ही हात हलवत होतो, पण बाईंचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. त्या वल्हं मारणाऱ्या ढिवराकडे टक लावून बघत होत्या. तो भागरताबाईचा दीर. चांद्याहून, नागपूरहून आमच्याकडे येणारा प्रत्येक साहेब याच डोंग्यातून नदी उतरायचा, आणि डोंग्यात बसलेल्या माणसाला बोलण्याशिवाय दुसरं काम नसतं.

मध्यावर पोचल्यावर बाई पुढे वाकल्या आणि त्याला काही तरी विचारलं. आम्हाला शब्द ऐकू आले नाहीत, पण काठावरच्या प्रत्येकाला ते ठाऊक होते. त्यानं एक हात वल्ह्यावरून काढला आणि आपल्याच छातीवर ठेवला. मग पाण्यावरून ते हसू आलं, पूर्वीचंच, साहेबांचं टेबल हलवणारं. आणि बाईंनी, मला आठवतं तसं एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, ती छत्री फाडकन उघडली आणि डोक्यावर उंच धरून आमच्याकडे बघत हलवली.

माझ्या शेजारी भागरताबाई तंबाखू मळत उभी होती.

"सापडलं बाईले," ती म्हणाली.